दिनविशेष : २३ ऑक्टोबर
जेसीबीचा जन्म

१९४५ : जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी इंग्लंडमधील उटॉक्सिटर येथे भाड्याच्या छोट्या गॅरेजात जेसीबी कंपनी सुरू केली. युद्धातून उरलेल्या साहित्याचा ट्रेलर हे पहिले उत्पादन ४५ पौंडांना विकले गेले. १९५३ मध्ये ट्रॅक्टरला पुढे माती भरणारे बकेट आणि मागे खोदणारा हात जोडून कंपनीने बॅकहो लोडर बनवला. हायड्रॉलिक तेलाच्या दाबावर चालणाऱ्या या यंत्राने कुदळ-घमेल्याचे दिवसांचे कष्ट तासांवर आणले. भारतात १९७९ मध्ये बल्लभगड येथून सुरुवात झाली. पुढे तळेगावला कारखाना आला. शेजारच्या चाकणमध्ये ह्युंदाई आणि सॅनी यांचीही खोदाई यंत्रे बनतात. महाराष्ट्रात मात्र अशा कोणत्याही यंत्राला लोक ‘जेसीबी’च म्हणतात.