पालक संमतिपत्र (परदेश प्रवास)

पालक संमतिपत्र म्हणजे अल्पवयीन मूल एकटे, एकाच पालकासोबत किंवा अन्य व्यक्तीसोबत परदेशी जात असता, सोबत नसलेल्या पालकाने त्या प्रवासास दिलेली लेखी अनुमती होय. त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख, पारपत्र क्रमांक, प्रवासाचे ठिकाण व कालावधी, सोबतच्या व्यक्तीचा तपशील आणि पालकाची स्वाक्षरी असते. ते बहुधा नोटरीकडून साक्षांकित करून घेतात.

पालकांमधील वादात एकाने दुसऱ्याच्या नकळत मूल परदेशी नेऊ नये, हा यामागील प्रमुख हेतू होय. अशा मुलांना परत आणण्यासंबंधी १९८० साली हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात सहभागी नाही.

याविषयीचे नियम देशोदेशी भिन्न आहेत. फ्रान्समध्ये राहणाऱ्या अल्पवयीन मुलास पालकाविना देशाबाहेर जाण्यासाठी १५ जानेवारी २०१७ पासून असे पत्र बंधनकारक आहे. कॅनडात कायद्याची सक्ती नसली तरी शासन त्याची शिफारस करते.

भारतात अल्पवयीन मुलाच्या पारपत्राच्या अर्जासोबत सामान्यतः दोन्ही पालकांची संमती घेतात. दुसऱ्या पालकाची संमती मिळत नसल्यास अर्जदार पालकास कारण नमूद करून स्वतंत्र प्रतिज्ञापन द्यावे लागते. मात्र ही संमती पारपत्रापुरती असते. प्रवासात परदेशी अधिकारी वेगळे संमतिपत्र मागू शकतात.