वैद्यकीय इच्छापत्र
बरे होण्याची आशा संपल्यावर कृत्रिम उपचार नकोत, असे शुद्धीत असताना केलेले लेखी निवेदन. भारतातील याविषयीच्या कायद्याची सुरुवात मुंबईच्या केईएम रुग्णालयातून होते. तेथील परिचारिका अरुणा शानबाग त्यांच्यावर १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर जवळपास ४२ वर्षे अंथरुणाला खिळून होत्या; सहकारी परिचारिकांनी त्यांना पोटच्या मुलीसारखे सांभाळले. त्यांना दयामरण मिळावे यासाठीची पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली, पण उपचार थांबवण्याची वाट उच्च न्यायालयाच्या परवानगीने मोकळी केली. २०१८ मध्ये इच्छापत्राला मान्यता मिळाली. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. प्रत स्थानिक संस्थेच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे जाते, उदाहरणार्थ ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगरात महापालिकेच्या, अंबरनाथ-बदलापुरात नगरपरिषदांच्या. उपचार थांबवण्यापूर्वी दोन वैद्यकीय मंडळांची संमती लागते.

हक्क कागदावर मिळाला, तरी खरा प्रश्न न्यायाचा आहे. उल्हासनगरच्या शासकीय मध्यवर्ती रुग्णालयावर तिन्ही शहरांतील गरिबांची भिस्त. खासगी अतिदक्षता विभागाचे बिल झेपेना म्हणून सही करून रुग्णाला घरी नेणे, ही निवड नव्हे, नाइलाज आहे. उपचार नाकारण्याचा हक्क आधी उपचार मिळालेल्यालाच खऱ्या अर्थाने वापरता येतो.