कॅमदंड-सुधारणा, मोटारसायकल-एंजिनांतील

चार धावांच्या अंतर्ज्वलन एंजिनात झडपांची उघडझाप करणाऱ्या उंचवट्यांना कॅम व ते ज्या दंडावर असतात त्याला कॅमदंड म्हणतात. कॅमदंड भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरतो. झडप केव्हा उघडावी, किती उचलली जावी आणि किती वेळ उघडी राहावी, हे कॅमच्या आकारावरून ठरते. मूळ कॅमदंड काढून निराळ्या आकाराच्या कॅमचा दंड बसविणे, हा जुन्या एंजिनाची शक्ती वाढविण्याचा एक रूढ उपाय आहे. ब्रिटिश मोटारसायकलींच्या इतिहासात १९२५ ते १९७० या काळात त्याचा पद्धतशीर विकास झाला. सुधारित कॅम एकटा बसविता येत नाही, त्याच्यामागोमाग एंजिनाचे इतर भागही बदलावे लागतात, हे त्या इतिहासावरून दिसून येते.

तत्त्व : इंधन व हवा यांचे मिश्रण आत घेणारी आदान झडप दट्ट्या वरच्या टोकास पोहोचण्यापूर्वीच उघडते आणि तो खालच्या टोकावरून परत फिरल्यानंतर काही वेळाने मिटते. वेगाने वाहणाऱ्या मिश्रणास जडत्व असल्याने दट्ट्या वर येऊ लागला, तरी ते सिलिंडरात शिरत राहते. झडप उशिरा मिटविल्यास या परिणामाचा लाभ अधिक फेऱ्यांना मिळतो. मंद गतीत मात्र प्रवाहाचा जोर अपुरा पडतो व आत आलेल्या मिश्रणाचा काही भाग पुन्हा बाहेर ढकलला जातो. तसेच आदान व निष्कास या दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या राहण्याचा काळ वाढला की, एंजिनाची मंद चाल अनियमित होते. त्यामुळे शर्यतीच्या कॅमने उच्च वेगातील शक्ती वाढते, पण तिची किंमत मंद वेगातील ओढ गमावून द्यावी लागते.

दुसरी मर्यादा यांत्रिक आहे. कॅम झडप उघडतो, मिटविण्याचे काम मात्र स्प्रिंगचे असते. एंजिनाचे फेरे दुप्पट झाले की, झडपेचा प्रवेग चौपट होतो. स्प्रिंग अपुरी पडली, तर झडप कॅमचा माग सोडून तरंगू लागते, आपल्या बैठकीवर आदळून उसळते व प्रसंगी दट्ट्यावर आपटते.

व्हेलोसेटचे प्रयोग : बर्मिंगहॅम येथील व्हेलोसेट कारखान्याने १९२५ मध्ये शिरोभागी कॅमदंड असलेले ३४८ घ. सेंमी. चे एंजिन तयार केले. त्या वर्षीच्या आइल ऑफ मॅन बेटावरील ज्यूनिअर टीटी शर्यतीत कारखान्याच्या गाड्यांना अपयश आले. त्यानंतर पर्सी गुडमन व हॅरल्ड विलिस यांनी लुकलुकणाऱ्या दिव्याच्या, म्हणजे स्ट्रोबोस्कोपच्या, साहाय्याने धावत्या एंजिनातील झडपांचे निरीक्षण केले. या प्रकाशात वेगाने हलणारा भाग जणू स्थिर झालेला दिसतो. कागदावर आखलेल्या कॅमप्रमाणे झडप प्रत्यक्षात हालत नाही, हे त्यांना दिसले व त्यांनी झडप-यंत्रणेत दुरुस्त्या केल्या. १९२६ च्या ज्यूनिअर टीटी शर्यतीत ॲलेक बेनेट यांनी व्हेलोसेटवर दहा मिनिटांहून अधिक फरकाने विजय मिळविला. कॅमची रचना अंदाजावरून करण्याऐवजी निरीक्षणाने पारखून घेण्याच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची ठरली.

ट्रायम्फची जुळी एंजिने : एडवर्ड टर्नर यांनी अभिकल्पिलेली ४९८ घ. सेंमी. ची ‘स्पीड ट्विन’ ही मोटारसायकल १९३७ मध्ये बाजारात आली. तिच्या दोन उभ्या सिलिंडरांच्या मागे आदान झडपांचा व पुढे निष्कास झडपांचा असे दोन स्वतंत्र कॅमदंड असून ते दंतचक्रांनी फिरत. त्यामुळे एकच कॅमदंड बदलणेही शक्य होते. या सोयीमुळे ट्रायम्फची एंजिने कॅम-सुधारणेस विशेष अनुकूल ठरली. १९५० च्या दशकाच्या आरंभी कारखान्याने ‘टायगर १००’ करिता शर्यतीच्या सुट्या भागांचा संच विक्रीस ठेवला. त्यात कॅमदंडांबरोबर अधिक संपीडनाचे दट्टे, कडक स्प्रिंगा आणि दोन कार्ब्युरेटर यांचाही समावेश होता. कॅमला अनुरूप साथ लागते, हे या संचाच्या घडणीतच गृहीत धरलेले होते.

‘ई ३१३४’ या क्रमांकाने ओळखला जाणारा शर्यतीचा कॅम पुढे नेहमीच्या वापराच्या गाडीतही आला. १९५९ च्या ६४९ घ. सेंमी. च्या ‘बॉनव्हिल’मध्ये आदान बाजूस त्याची योजना होती. सुमारे ०·५ मिमी. फट ठेवून मोजल्यास त्याची झडप दट्ट्याच्या वरच्या टोकाआधी ३४° वर उघडते व खालच्या टोकानंतर ५५° वर मिटते. म्हणजे भुजादंडाच्या २६९° फिरण्याइतका काळ ती उघडी राहते. त्याच आकारमानाच्या ‘थंडरबर्ड’ची शक्ती ३४ अश्वशक्ती होती, ‘बॉनव्हिल’ची ६,५०० फेऱ्यांना ४६ झाली. ही वाढ एकट्या कॅमची नव्हे. ‘थंडरबर्ड’ला एक कार्ब्युरेटर व ७ : १ संपीडन गुणोत्तर होते, तर ‘बॉनव्हिल’ला दोन कार्ब्युरेटर व ८·५ : १ गुणोत्तर होते.

झीज व उपाय : ६,५०० फेऱ्यांना प्रत्येक झडप सेकंदास सुमारे ५४ वेळा उघडते. कडक स्प्रिंगांचा दाब कॅम व टॅपेट यांच्या अरुंद स्पर्शरेषेवर येत असल्याने वंगण अपुरे पडताच कॅमचे टोक झिजू लागते. ट्रायम्फच्या निष्कास कॅमच्या बाबतीत ही अडचण ठळकपणे जाणवली. १९६० च्या दशकाच्या मध्यास निष्कास टॅपेटांना दाबाखाली तेल पुरविण्याची व्यवस्था करण्यात आली व पुढे कॅमचा पृष्ठभाग नायट्राइडीकरणाने कठीण करण्यात आला. १९६९ मध्ये माल्कम अपहिल यांनी ‘बॉनव्हिल’वर आइल ऑफ मॅनच्या उत्पादित गाड्यांच्या टीटी शर्यतीत ताशी १०० मैलांहून अधिक सरासरी वेगाने एक फेरी पूर्ण केली.

ट्रायम्फचा मेरिडेन येथील कारखाना १९८३ मध्ये बंद पडला. तथापि त्याच्या जुन्या एंजिनांसाठी नवे व पुन्हा घासून आकार दिलेले कॅमदंड आजही मिळतात. ते बसविताना झडप व दट्ट्या यांतील अंतर, पूर्ण उघडझापेत स्प्रिंगची वेटोळी एकमेकींस टेकतात की काय, टॅपेटच्या पायाची वक्रता नव्या कॅमला जुळते की नाही आणि भुजादंडाच्या अंशांत मोजलेली झडपांची वेळ या बाबी तपासाव्या लागतात. टॅपेट जुनेच ठेवल्यास त्यांच्यावरील झीज नवा कॅमही लवकर निकामी करू शकते. रस्त्यावर बहुतेक वेळ मध्यम फेऱ्यांवरच चालणाऱ्या गाडीस शर्यतीच्या कॅमपेक्षा सौम्य कॅम अधिक उपयुक्त ठरतो. पुष्कळदा तर न झिजलेला व अचूक वेळेवर बसविलेला मूळ कॅमदंड एवढाच जुन्या एंजिनाची हरवलेली शक्ती परत मिळवून देण्यास पुरेसा असतो.