लग्नाचा चौक आणि लग्नाचें कर्ज

आदिवासींविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें त्याचे सामान्यतः दोन प्रकार आढळतात. एकांत त्यांच्या दैन्याची हकीकत असते. दुसऱ्यांत त्यांच्या नृत्यगीतांचें व चित्रकलेचें कौतुक असतें. पहिला प्रकार वाचून मन खिन्न होतें, दुसरा वाचून प्रसन्न होतें. परंतु हें दैन्य आणि ही कला एकाच घरांत, किंबहुना एकाच प्रसंगाभोंवतीं नांदत आलीं, ही गोष्ट दोहोंतही नजरेआड राहते. जुन्या ठाणें जिल्ह्याच्या उत्तर भागांतील, म्हणजे हल्लींच्या पालघर जिल्ह्यांतील, वारली समाजाचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. त्या इतिहासाच्या मध्यभागीं लग्न आहे. लग्नानें वारल्याच्या भिंतीवर चौक आणला, आणि लग्नानेंच त्याच्या मानेवर जूं ठेवलें.

प्रथम चौकाचा विचार करूं. वारल्याच्या घराच्या भिंती कुडाच्या. त्या शेणामातीनें लिंपलेल्या असतात. लग्न ठरलें कीं त्यांवर गेरूचा हात फिरतो आणि तांदुळाचें पीठ पाण्यांत कालवून सवाशिणी त्यावर चौक 'लिहितात'. चित्र काढणें असा शब्द त्या वापरीत नाहींत. चौकाच्या मध्यभागीं पालघट देवी असते. शेजारच्या लहान देवचौकांत घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव असतो. भोंवतालीं झाडें, गुरें, शेतीचीं कामें आणि तारप्याभोंवतीं फेर धरून नाचणारे स्त्री-पुरुष. दोन त्रिकोण टोंकास टोंक लावून जोडले कीं माणसाचें अंग तयार होतें. लग्न लावणारी धवलेरी ही स्त्रीच असते. तिच्या गाण्यांवांचून आणि चौकावांचून विधि पुरा होत नाहीं. ज्या समाजापाशीं ग्रंथ नाहीं आणि ज्याच्या दाराशीं शाळा फार उशिरां आली, त्या समाजाचें संचित अशा रीतीनें मुलीनें आईकडून शिकावें आणि पावसाळ्यानें धुवून न्यावें, पुन्हां पुढच्या लग्नांत लिहावें, या क्रमानें टिकलें.

आतां कर्जाकडे वळूं. वारली हा मूळचा रान राखून राहणारा शेतकरी. नाचणी, वरी आणि भात हीं त्याचीं पिकें. पावसाळ्यापूर्वीं झाडांचा टाहळ व पालापाचोळा पसरून तो जाळावयाचा आणि त्या राबावर रोप तयार करावयाचें, ही त्याची रीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या जीवनक्रमावर तीन बाजूंनीं घाला आला. सारा रोख भरणें प्राप्त झालें आणि रोख पैसा तर सावकाराच्या पेटींत होता. १८६४ सालीं मुंबईपर्यंत पोंचलेल्या लोहमार्गामुळें जंगलांतील लांकडास व गवतास शहराची बाजारपेठ मिळाली. अर्थात् जंगल ही सरकारास आणि व्यापाऱ्यास मोलाची वस्तु झाली. पुढें १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव रानांची हद्द आंखली गेली, आणि ज्या झाडाचा टाहळ कापणें हा हक्क होता तें कापणें हा गुन्हा ठरला. त्याच वर्षींच्या अबकारी कायद्यानें त्याची घरची दारूही मक्तेदाराच्या दुकानांत नेऊन ठेवली. जंगलाविषयींची तक्रार एवढी वाढली कीं १८८५ सालीं मुंबई सरकारास चौकशीमंडळ नेमावें लागलें. राबाचा प्रश्न त्याच्यापुढें प्रामुख्यानें होता. तथापि जमीन हातची जाण्याचें थांबलें नाहीं. पावसाळ्यांत पोटासाठीं सावकाराकडून खावटी उचलावी, सुगींत ती व्याजासह फेडावी, फिटली नाहीं कीं शेत लिहून द्यावें. अशा प्रकारें एकदोन पिढ्यांत जमिनीचा धनी त्याच जमिनीवर कूळ होऊन राहिला. खंड भरून उरेल तें त्याचें, आणि उरत असे फार थोडें.

अशा माणसाच्या घरीं लग्न निघालें म्हणजे काय होई? भात, दारू, लुगडें यांपुरतेही पैसे नसत. पुष्कळ जोडपीं विधीवांचूनच संसार मांडीत. विधि वर्षानुवर्षें लांबणीवर पडे, आणि कित्येकदां पोरेंबाळें झाल्यावर मग चौक लिहिला जाई. ज्यास तेवढी वाट पाहणें शक्य नसे तो जमीनदाराकडून पैसे घेई आणि त्या दिवसापासून त्याचा 'लग्नगडी' बने. लग्नगडी म्हणजे लग्नाच्या कर्जापायीं बांधला गेलेला गडी. तो राबे, त्याची बायकोही राबे; मजुरी कर्जांत वळती होई, कर्जाचा हिशेब मात्र धन्याच्या वहींत असे. तें बहुधा फिटत नसे. नुसत्या कुळासही वेठ चुकत नसे: धन्याचें बोलावणें आलें कीं स्वतःची लावणी अर्धी टाकून त्याच्या शेतावर जावें लागे, आणि नाहीं म्हणणाऱ्यास मार होता.

त्या काळच्या अनेक सुशिक्षितांनीं या स्थितीचें खापर वारल्याच्याच माथीं फोडलें. तो व्यसनी, तो लग्नांत उधळपट्टी करणारा, म्हणून तो कर्जबाजारी, असा हा युक्तिवाद होता. परंतु हा हिशेब उलटा आहे. खर्च मोठा होता म्हणून कर्ज झालें नाहीं. कणगी रिकामी होती म्हणून लहानसा खर्चही डोंगराएवढा झाला. ज्याचें शेत शाबूत आहे त्याच्या घरीं लग्न हा आनंदाचा प्रसंग असतो. ज्याचें शेत गेलें त्याच्या घरीं तोच प्रसंग सावकाराचा सांपळा होतो. मुंबई सरकारनें नेमलेले अधिकारी सिमिंग्टन यांनीं १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आदिवासींच्या स्थितीवर जो अहवाल दिला त्यांतही वेठीचा आणि मारहाणीचा उल्लेख स्पष्ट आहे. म्हणजे सरकारास हें ठाऊक नव्हतें असें म्हणतां येत नाहीं. अहवाल दप्तरांत राहिला आणि वेठ शेतांत राहिली.

ती मोडली वारल्यांनीं स्वतः. जानेवारी १९४५ मध्यें टिटवाळा येथें किसान सभेची परिषद भरली. तिला कांहीं वारली गेले होते. त्यानंतर शामराव व गोदावरी परुळेकर हें दांपत्य उंबरगांव-डहाणूच्या रानांत कार्य करूं लागलें. २३ मे १९४५ रोजीं झरी येथें सुमारें पांच हजार वारली जमले आणि त्यांनीं निश्चय केला कीं वेठ करावयाची नाहीं. रोजचे बारा आणे रोख मिळाल्यावांचून धन्याच्या शेतांत पाऊल टाकावयाचें नाहीं. लग्नगड्यांस घरोघरीं जाऊन मोकळें करण्यांत आलें. वाचकांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं ही मुक्तता कोणा न्यायालयाच्या हुकुमानें झाली नाहीं; गडी वाड्यांतून उठला आणि चालूं लागला, एवढेंच झालें. दुर्दैवाचा योग असा कीं सावे यांचा वारल्यांच्या चालीरीतींवरील इंग्रजी ग्रंथही याच १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. अभ्यासक ज्या समाजाचें वर्णन करीत होते तो समाज त्याच वेळीं आपलें वर्णन बदलीत होता.

ऑक्टोबरांत गवतकापणीचा हंगाम आला. पांचशें रत्तल गवतास अडीच रुपये मिळावे, ही मागणी पुढें आली आणि संप सुरू झाला. १० ऑक्टोबर रोजीं तलवाडा येथें, गोदावरीबाईंच्या जिवास धोका आहे या वार्तेनें, हजारों वारली काठ्या घेऊन गोळा झाले होते. पोलिसांनीं त्यांवर गोळीबार केला आणि पांच जण ठार झाले. जेठ्या गांगड हा त्यांतला पहिला. जमाव पांगला, परंतु वेठ पुन्हां आली नाहीं. पुढें गोदावरीबाईंनीं 'जेव्हां माणूस जागा होतो' या १९७० च्या पुस्तकांत ही सर्व कथा सांगितली व त्यास १९७२ चें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. जंगलजमिनीवरील हक्क मान्य करणारा कायदा होण्यास मात्र २००६ साल उजाडावें लागलें. तोही कागदावरून शेतांत उतरविण्यासाठीं मार्च २०१८ मध्यें हजारों शेतकऱ्यांस, ज्यांत आदिवासी बहुसंख्य होते, नाशिकाहून मुंबईपर्यंत पायीं चालत यावें लागलें.

इकडे चौकाचा प्रवास निराळ्या वाटेनें झाला. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी या चित्रकारानें हीं चित्रें भिंतीवरून कागदावर आणविलीं. डहाणूजवळच्या गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे हे त्यामुळें जगास ठाऊक झाले. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली व २०१८ सालीं ते निवर्तले. त्यांची योग्यता निर्विवाद आहे. परंतु शतकानुशतकें सवाशिणींच्या हातचें जें काम होतें तें मोल मिळूं लागतांच बहुतांशीं पुरुषांच्या हातीं गेलें, हेंही नमूद केलें पाहिजे. आज तारप्याचा तो फेर साड्यांवर, कपबशांवर आणि विमानतळांच्या भिंतींवर दिसतो. ज्यांनीं ती आकृति अडचणीच्या काळांत जपली त्या स्त्रियांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत.

टिकून राहणें या शब्दाचा अर्थ आपण फार सोपा करून ठेवला आहे. सोसून, गाऊन, नाचून जो उरला तो टिकला, असें आपणांस वाटतें. वारल्यांचा इतिहास दाखवितो कीं टिकण्यास दोन गोष्टी लागल्या. आपलें असें जें होतें तें स्त्रियांनीं दरवेळीं नव्यानें लिहिलें. आणि जें लादलेलें होतें तें सर्वांनीं मिळून नाकारलें. नुसता चौक राहिला असता तर त्याखालीं लग्नगडीच बसला असता. नुसती वेठ मोडली असती आणि चौक पुसला गेला असता, तर मोकळा झालेला माणूस आपण कोण हें सांगूं शकला नसता. ज्यांस भिंतीवरील तो पांढरा फेर आवडतो त्यांनीं तलवाड्याचेंही नांव लक्षांत ठेवावें. दोन्हीं मिळून एकच हकीकत होते.