अवेध्य हात

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत ७०० शिरा सांगून त्यांपैकीं ९८ अवेध्य ठरविल्या आहेत. त्यांच्या वेधानें वैकल्य किंवा मरण ओढवतें, असा तेथील अभिप्राय आहे. वेध कोठें करूं नये, हा प्रश्न रक्तशुद्धीच्या अर्वाचीन उपचारांतही मुख्य ठरला, हें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

कोल्फ यानें १९४३ मध्यें हॉलंडांत कृत्रिम मूत्रपिंड चालविलें; परंतु वरचेवर नवी रक्तवाहिनी शोधावी लागे व थोडक्यांत सर्व निकामी होत. १९६० मध्यें स्क्रिब्नर यानें सिअ‍ॅटल येथें टेफ्लॉनच्या नळ्या हातांतच राखिल्या. पण गुठळी व जंतुदोष यांचें भय उरलें. १९६६ मध्यें ब्रेशिया, सिमिनो प्रभृतींनीं मनगटाशीं धमनी व शीर जोडण्याची रीति प्रसिद्ध केली. धमनीच्या वेगानें शीर कांहीं आठवड्यांत रुंदावते व वारंवार सुई सोसते. हाच फिस्टुला.

बीड जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें दरसाल ऊसतोडीस जातात. तेथें जोडप्यासच ‘कोयता’ म्हणतात. एकाचा हात राहिला कीं कोयता अर्धा होतो. फिस्टुलाच्या हातावर तर मोळी, घट्ट बांगडी, रक्तदाबाचा पट्टा, सलाईन, कांहींच चालत नाहीं. तेथील थरथर रोज बोटांनीं पाहावी. थांबल्यास त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. मूत्रपिंड अधू झाल्याचें कळतांच वैद्यानें एक हात निवडून त्यांत सुई टोंचणें वर्ज्य करावें.

सुश्रुतानें सांगितलेलीं वैकल्य व मरण हीं दोन्ही भयें येथें एकाच हातावर आहेत. तो हात अवेध्य समजावा.