हिप्नोसिस

हिप्नोसिस : रॉक संगीताच्या तबकड्यांची आवरणे तयार करणारी लंडनमधील संस्था (१९६८–८३). संस्थापक स्टॉर्म थॉर्गर्सन व ऑब्री पॉवेल; पुढे पीटर क्रिस्टोफरसन त्यांना येऊन मिळाले. पिंक फ्लॉइड या बँडच्या ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’चे (१९६८) आवरण हे त्यांचे पहिले काम.

आवरणावर गायक-वादकांचे छायाचित्र आणि ठळक नाव हवे, हा कंपन्यांचा आग्रह असे. पिंक फ्लॉइडच्याच ‘ॲटम हार्ट मदर’च्या (१९७०) दर्शनी बाजूला मात्र कुरणातली एक गाय मागे वळून पाहते आहे, एवढेच, ना बँडचे नाव, ना तबकडीचे. ‘द डार्क साइड ऑफ द मून’वरचा (१९७३) लोलक जॉर्ज हार्डी यांनी रेखाटला. ‘तानापिहिनिपाजां’ पाठ असलेल्याने तो नीट पाहावा : रंग सहाच आहेत, पारवा नाही. रंगांचे पट्टे आवरणाच्या आतल्या पानांवरही पुढे जातात आणि तिथे हिरव्या पट्ट्याला हृदयाच्या ठोक्यांच्या आलेखाचे रूप येते.

हिप्नोसिसची खरी ताकद दिसते ती ‘विश यू वेअर हिअर’मध्ये (१९७५). दोन सूटधारी माणसे हस्तांदोलन करताहेत, त्यांतला एक पेटलेला आहे. ही आग चित्रात मागाहून घातलेली नाही. कॅलिफोर्नियातील एका चित्रपट-स्टुडिओच्या आवारात स्टंटमन रॉनी रॉन्डेल यांनी सूटच्या आत अग्निरोधक कपडे घालून स्वतःला पेटवून घेतले. वाऱ्याने ज्वाळा तोंडावर आल्या, मिशी होरपळली; मग दोघांच्या जागा बदलून पॉवेल यांनी छायाचित्र टिपले आणि ते छापताना उलटवले. एवढा खटाटोप करून तबकडी विकली गेली ती काळ्या प्लास्टिकच्या वेष्टनात, चित्र पूर्ण झाकून. अनुपस्थिती हाच त्या गाण्यांचा विषय असल्याने हा निर्णय अचूक होता.

‘ॲनिमल्स’साठी (१९७७) बॅटरसी वीजकेंद्रावर उडवलेला फुग्याचा प्रचंड डुक्कर दोर तुटून विमानमार्गात शिरला. शेवटी वीजकेंद्राच्या आधी टिपलेल्या छायाचित्रावर तो जोडावा लागला. लेड झेपलिनच्या ‘हाउसेस ऑफ द होली’वर (१९७३) दिसणारी मुले दोनच, उत्तर आयर्लंडमधील जायंट्स कॉजवे येथील त्यांची अनेक छायाचित्रे जोडून ते दृश्य बनले.

१९८३ मध्ये संस्था बंद झाली. थॉर्गर्सन यांनी मात्र पिंक फ्लॉइडसाठी काम चालू ठेवले. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. संगणकपूर्व काळातील छायाचित्रणाचा अभ्यास करणाऱ्याने ही आवरणे मूळ बारा इंची आकारातच पाहावीत.