रणगाड्यांची पोलीस कारवाई

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय लष्कर सोलापूरकडून हैदराबादच्या रस्त्याला लागले. पहिली झुंज नळदुर्गला झाली. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला आणि पुढची वाट मोकळी झाली. रस्त्यावर रणगाडे आणि तोफा, डोक्यावर विमाने. मोहिमेचे लष्करी नाव ‘ऑपरेशन पोलो’, नेतृत्व मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांचे. १७ तारखेला हैदराबाद संस्थानच्या निजामाने लढाई थांबवली. दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती एल इद्रूस शरण आले.

सरकारदरबारी ही पोलीस कारवाई ठरली. मराठवाड्यातली जुनी माणसे ‘पोलीस ॲक्शन’च म्हणत आली.

या नावामागे राजकारण होते. हैदराबादची तक्रार सुरक्षा परिषदेत गेली होती. १६ सप्टेंबरला, लढाई चालू असतानाच, पॅरिसमध्ये ती चर्चेला आली. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेने एका राष्ट्राला दुसऱ्यावर बळ वापरण्याची मनाई केली होती. दिल्लीने युद्ध म्हटले असते, तर निजामाचे राज्य वेगळे राष्ट्र असल्याचे कबूल केल्यासारखे झाले असते. डचांनी १९४७ मध्ये इंडोनेशियातल्या चढाईला ‘पोलीस कारवाई’ हेच नाव दिले होते आणि १९५० मध्ये कोरियाच्या लढाईसाठी ट्रुमन यांनीही तेच मान्य केले. सरकारे युद्ध म्हणायला तयार नसतात, हे ओळखूनच १९४९ च्या जिनिव्हा करारांनी युद्धाच्या घोषणेवर विसंबणे सोडले. प्रत्यक्ष सशस्त्र संघर्ष आहे की नाही, एवढेच पाहायचे ठरवले.

कारवाईची गरज मात्र खरी होती. कासिम रझवीच्या रझाकार या सशस्त्र स्वयंसेवकांनी गावोगाव जाळपोळ आणि लूट चालवली होती, माणसे घरदार सोडून सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत आली होती. फौजा आल्या तेव्हा या माणसांना सुटका झाल्यासारखे वाटले, यात नवल नाही.

पण पुढे जे घडले ते पोलीस कारवाईत बसत नाही. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने कारवाईच्या काळात आणि त्यानंतर संस्थानभर २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. अहवाल कित्येक दशके जाहीर झाला नाही. युद्ध म्हटले असते तर मृतांचा हिशेब मागायला जगाला जागा तरी राहिली असती.

दर १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजारोहण होते. त्या दिवशी शाळाशाळांतून रझाकारांच्या अत्याचारांबरोबर सुंदरलाल समितीचे हे आकडेही मुलांना सांगायला हवेत.